जास्तीचं पाणी

३ मार्च १९८६

पोचले एकदाची. अहमदपूरच्या स्टँडवर तांबटसांगवीची एस.टी. मिळाली. ट्रंकेत काचसामान आहे असं बजावूनही कंडक्टरने ती टपावर धोंडा फेकावा तशी फेकली. तरी एकही परीक्षानळी फुटली नाही. मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकले नसते, तर याला शुभशकुन म्हटलं असतं.

नांदेडला उभा जन्म मुलींना विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर पुतण्याची पोरं खेळवत बसायचं मी साफ नाकारलं. लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून खेड्यांतल्या शाळांना प्रयोगाच्या सामानाच्या पेट्या मिळताहेत, पण त्या उघडायचं धाडस कुणाला होत नाही. म्हणून हेडमास्तर शेषेरावांनी मला उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बोलावलं. राहायला शाळेतलीच एक खोली. डबा शिपाईण सरजाबाई आणते. तिने आल्या आल्या मालक कुठे आहेत असं विचारलं. लग्नच केलं नाही म्हटल्यावर म्हणाली, बरं झालं, पाणी कमी लागंल. मला बाई आवडली.

४ मार्च

पेट्या उघडल्या. भिंगांच्या पेटीत उंदरांनी बाळंतपणं केलेली. तराजूची वजनं गायब. कुणाच्या तरी दुकानात गूळ मोजत असतील. एक उपकरण मात्र आधीच मांडलेलं होतं, ऊर्ध्वपातनाचं. चंबूत पाणी घालून खाली दिवा पेटवून उकळायचं, वाफ लांब नळीतून जाताना थंड होते आणि दुसऱ्या टोकाला शुद्ध पाणी ठिबकतं. बोअरचं पाणी खारट, तेही आटत आलेलं, म्हणून पोरांना प्यायला शेषेरावांनी दिवाळीपासून हे सुरू केलंय. नळी थंड ठेवायला पाणी कुठलं? ओलं पोतं गुंडाळलंय. मी मनापासून शाबासकी दिली.

नववीचा वर्ग प्रयोगशाळेतच बसतो. उपकरणाची राखण पंचशीलाकडे. आई दुष्काळी कामावर खडी फोडते आणि पोरगी मला विचारते, वाफ दिसत नाही तर नळीत आहे हे कशावरून? अशी मुलगी मला कित्येक वर्षांत भेटली नव्हती. हिला नांदेडच्या कॉलेजात घातल्याशिवाय मी मरणार नाही.

पाणी चाखलं. किंचित खारट. नळी धुतलेली नसणार.

७ मार्च

संतापाने डोकं उठलंय. नववीच्या प्रयोगवह्या तपासल्या. ऊर्ध्वपातनाच्या प्रयोगात दोनशे मिलिलिटर घातलं, एकशे ऐंशी मिळालं. प्रत्येक वहीत तेच. साऱ्या वर्गाचं पाणी एकाच मापाने उकळलं? मी विचारलं तशा माना खाली गेल्या. शेवटी पंचशीला बोलली.

“बाई, पुस्तकात एकशे ऐंशीच हाय. आमचं जास्तीचं येतंय. जास्तीचं लिव्हलं तर मार्क कटतेत.”

जास्तीचं येणारच नाही, मोजताना चुकलात, असं मी तिला सुनावलं. पण वाचून जुळवण्यापेक्षा मोजून चुकलेलं बरं, हेही सांगितलं. उद्या सगळे खरं लिहिणार.

८ मार्च

घातलं दोनशे. आलं दोनशे साठ.

पोरांना बाहेर काढून नळी धुतली, बुचं बदलली, मोजपात्र दुसरं घेतलं. वर्ग परत बसवून पुन्हा केलं. पुन्हा साठ जास्त. नळीवरचं पोतं तोवर कोरडं ठाक झालं होतं, म्हणजे गळून आत जायला थेंबही नव्हता. कुठलीही गोष्ट शून्यातून येत नाही, हे मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलंय. मग हे कुठून आलं?

आणि धुतलेल्या नळीतूनही ते खारटच लागतं.

११ मार्च

शेषेरावांनी आज एका पोराला छडी मारली. तो हमसून हमसून रडला. डोळ्यांतून काही आलं नाही.

मग मी पाहत गेले. पत्र्याखाली बसून एकाला घाम नाही. पाटी पुसायला कुणी थुंकत नाही. ओठ फुटलेत, पण रक्त दिसत नाही.

मास्तर छडी उचलतात आणि पोरं बेंच सोडून उपकरणापासून लांबच्या भिंतीला लागतात. छडीला घाबरून, असं मला वाटत होतं.

१२ मार्च

धान्याची पोती तोलायचा काटा आणवला. वर्ग भरण्याआधी पोरांना तोललं, मधल्या सुट्टीत पुन्हा तोललं. सगळी हलकी. सगळ्यांत जास्त पंचशीला, ती उपकरणाला खेटून बसते.

साऱ्या वर्गाची घट आणि तेवढ्या वेळात पुन्हा पुन्हा भरलेल्या चंबूतून आलेलं जास्तीचं पाणी शेजारी शेजारी लिहिलं.

जुळतंय. मी जुळवलेलं नाही.

१३ मार्च

शेषेरावांना आकडे दाखवले. त्यांनी वही मिटून माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाले की नोंद एकशे ऐंशीचीच ठेवा, नाहीतर जिल्ह्याचे लोक उपकरण उचलून नेतील. मी म्हटलं, नेऊ द्या, मीच टपावर चढवते. त्यावर ते हळूच बोलले.

“मॅडम, टँकर आलेला तुम्ही कधी पाहिला का? अर्धं गाव यावर जगून राहिलंय. माझी नातही.”

त्यांनाही ठाऊक होतं. सरजाबाईलाही. म्हणून ती त्या खोलीत झाडायला जात नाही, दारातून केरसुणी फिरवते.

१४ मार्च

मी दिवा विझवला. चंबू उपडा करून ठेवला, पार रिकामा. नववीला बाहेर झाडाखाली बसवलं.

पंचशीला दप्तर आणायला आत गेली — नळी ठिबकायला लागली. दिवा नाही, पाणी नाही — तिने हात लावला नव्हता.

खिडकीखाली कळशांची रांग. बाया मला विचारतात, मी त्यांच्या लेकरांना का मारून राहिले. मी. त्यांच्या लेकरांना.

१५ मार्च

वर्ग पुन्हा आत बसवलाय. शेषेरावांनी. मी दारात आडवी झाले, त्यांनी मला हात धरून बाजूला केलं, अगदी हळुवार, आईला करावं तसं.

पंचशीलाची जीभ टाळूला चिकटते. शब्द सुटत नाहीत. माझ्याबरोबर गाव सोडून चल म्हटलं तर नाही म्हणून मान हलवते. घरी धाकटा भाऊ, तो तेच पाणी पितो. तिला सगळं समजलंय. तिने आपल्या वहीत खरे आकडे लिहिलेत.

१६ मार्च

रविवार. शाळा बंद. पंचशीलाला उदगीरला तिच्या मावशीकडे धाडलं, मी स्वतः एस.टी.त बसवलं. रडली. कोरडी. उद्या वर्ग भरायच्या आत उपकरण फोडते. मग गावाने मला फोडलं तरी —

१७ मार्च

आतून कडी लावलीय. शाईची दौत सुकली, पेन्सिलीने —

हातोडी हातात आहे. वर जात नाही. पहिल्या घावाला नळीला चरा गेला असेल, नसेल. हात वाळक्या काटकीसारखा — ठिबकतंय. आता माझं.

बाहेर दार वाजतंय. बाई, बाई. तिचा आवाज. अहमदपूरलाच उतरली असणार, वेडी पोर — कळशी आपटल्याचा आवाज —

कडी काढणार नाही. दारही माझ्याच्याने आता उघडत नाही, बरं झालं.

पंचशीला, कागद दाराखालून सरकवते. उतरवून घे. जिल्ह्याला पाठव. जुळवू नकोस.

दिवा — विझलेला.
चंबूत घातलेलं पाणी — काही नाही.
खोलीत माणसं — एक.
मोजपात्रात आलेलं —