वाळलेल्या तीन ओळी

ता. १९, मंगळवार

धाकट्या,

आशीर्वाद. इकडे सगळं बरं. तुझ्याकडचं विचारत नाही, बांधावरून दिसतंच. तोंडावर बोलायला आले तर तिसऱ्या वाक्याला आपलं वाजेल, म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस. माझी शाळा चौथीत सुटली ती कोणाला सांभाळायला, ते आठव.

काल दवाखान्याच्या रांगेत तुझी बायको भेटली. म्हणाली, "ताई, ह्यांनी ठरवलंय. शुक्रवारी मक्याच्या ओळींत पसरलेला सगळा पेंढा गोळा करून जाळायचा आणि पुन्हा गोणीतलं खत आणायचं. पेंढ्याखाली कसली तरी कीड झालीय, तीन ओळी उभ्या वाळल्या." मी नुसतं हूं म्हटलं आणि खोकल्याचं औषध घेऊन घरी आले.

जाळायच्या आधी माझं ऐक.

आपल्या दोघांत विहीर एक, मोटर एक, पाण्याची पाळी ठरलेली. चाळीस दिवस पाऊस नाही. माझ्या मक्याच्या पानांच्या सुरळ्या झाल्या आणि तुझा मका, पायाशी चवळी घेऊन, नवरदेवासारखा ताठ! कोणाला संशय येणार नाही? मी मोटरच्या खोलीच्या कडीला शिवणाचा दोरा बांधला. तीन दिवस पाहिला, तुटला नाही. मग तर खात्रीच झाली, की तू दोरासुद्धा परत बांधून ठेवतोस. लहानपणी साखर खाऊन डब्याचं झाकण जसंच्या तसं लावायचास, मी विसरले नाही.

तुझ्या सासूच्या ऑपरेशनला तुम्ही आठ दिवस गेलात, तेव्हा मी दाताळं घेऊन तुझ्या रानात शिरले. पेंढ्याखाली चोरून पाइप पुरला असणार, नक्की. एक ओळ उघडी केली. मग दुसरी, तिसरी. पाइप नाही. बोट खुपसलं तर माती ओली, आणि गांडुळं अशी वळवळली की जणू त्यांच्या घरात चोर शिरलाय. रागच आला मला. पेंढा बांधावर तसाच टाकून निघून आले.

सहा दिवसांत त्या ओळी करपल्या. बाकीचं रान, पाण्याची पाळी चुकूनही, हिरवं. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मी पेंढा नीट परत पसरला. झाकण लावता मलाही येतं.

तू त्या ओळी दाखवायला आलास, तेव्हा मी म्हणाले, "कचरा पसरून शेती होत असती तर उकिरड्यावर कणसं आली असती." तू खाली मान घालून गेलास. ते बोलणं मागे घेते. पेंढ्याने काही केलं नाही. उन्हाने केलं, आणि उन्हाला दार मी उघडलं.

तरी नुसत्या पेंढ्यावर एवढी ओल टिकते हे मला पटत नाही. गोठ्यामागच्या ड्रममध्ये शेणाबरोबर काय काय कालवून रानाला घालतोस, ते सांगत नाहीस. काहीतरी लपवतोसच.

शुक्रवारी काडेपेटी घरी ठेव. मी दाताळं घेऊन येते. माझ्या चार ओळींपुरता पेंढा दे, आणि माझ्यासमोर पसर. माझं लक्ष असेल.

तुझ्या तीन ओळींना लागलेली कीड,
ताई