दादा गाताना थांबला, ते दृश्य कोणाला द्यावे

मी, खाली सही करणारी, धंदा रॉक बँडमध्ये ड्रम वाजवणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना ते म्हणाले, "सध्या काही हरकत नाही." त्यातला ‘सध्या’ मला बिलकूल आवडलेला नाही.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावी. वहिनीने यात तोंड घालू नये.

२. ड्रमचा संच आमच्या बँडच्या साउंडवाल्याला. त्याखालची जाड सतरंजी खालच्या मजल्यावरच्या काकूंना. आयुष्यभर त्यांनी काठीने छत ठोकून माझा सराव बंद पाडला, आणि तेही कधी तालात नाही.

३. तडा गेलेली मोठी झांज आमच्या कॉन्सर्टवर चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकाला. अख्ख्या चित्रपटात त्याने ती माझ्या तोंडासमोर ठेवली. घरच्यांनी थेटरात मला कोपरावरून ओळखले. आता घेऊन बस म्हणावे.

४. आता मुद्द्याचे. त्या चित्रपटात दादा, आमचा गायक आणि माझा थोरला भाऊ, गाणे ऐन रंगात असताना थांबतो, प्रेक्षकांकडे पाठ फिरवतो आणि बराच वेळ नुसत्या ठेक्यावर गप्प उभा राहतो. मग वळून असा गातो की लोक सभागृह डोक्यावर घेतात. त्या शांततेवर माहितीपटांमागून माहितीपट निघाले. प्रत्येकात तो दाढीवाला समीक्षक खुर्चीत रेलून सांगतो, "ही शांतता हीच त्याची खरी रचना." हा गृहस्थ त्या कार्यक्रमाला आलासुद्धा नव्हता! मलाही दर वेळी दिव्यांसमोर बसवून तेच विचारतात. मी म्हणते, "दादालाच माहीत."

दादा शब्द विसरला होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "पुढं काय गं?" मी ठेका न सोडता ओळ ओरडून सांगितली. कार्यक्रम संपल्यावर हसत म्हणाला, "लोकांना आवडलंय ना, मग राहू दे." पुढे त्याचा विसरण्याचा आजार बळावला, तो मलाही ओळखेनासा झाला, आणि मी तोंड शिवून बसले.

माझ्या मागच्या कॅमेऱ्याने त्याचा तेव्हाचा चेहरा टिपला आहे. संकलन करणाऱ्या बाईंनी फिल्मचा तो तुकडा काढून, डब्यात घालून मला आणून दिला. इतका घाबरलेला दादा मी त्याआधी पाहिला नव्हता.

५. हा डबा नव्या माहितीपटाच्या दिग्दर्शिकेला द्यावा. खरे काय ते एकदाचे बाहेर पडू दे.

नको. कलम पाच रद्द. दाढीवाला त्या भीतीवरही व्याख्यान देईल.

६. डबा वहिनीला द्यावा. ती जाळणार, हे तिने तोंडावर सांगितले आहे: "माझ्या नवऱ्याचं नाव आहे तेवढं तरी राहू दे." तिचेही चुकत नाही. पण जाळायचे म्हटले की मी डबा परत कपाटात ठेवते. कलम सहाही रद्द.

७. परवा रेकॉर्डिंगच्या वेळी मी स्वतः बसवलेल्या गाण्याची सुरुवात विसरले. बाकी कोणाच्या लक्षात आले नाही, भाचीच्या आले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. कपाट उघडते, डबा आहे ना बघते, कपाट लावते, पुन्हा उघडते.

डबा भाचीला द्यावा, आणि मी गेल्यावर नव्हे, आजच. मृत्युपत्रात असे लिहिता येत नाही, असे वकील म्हणतात. नसेल येत.

बाळ, तो तुकडा एकटीने बघ. तुझ्या बाबांसाठी बघू नकोस, माझ्यासाठी बघ. एक दिवस मी तुझ्याकडे तशीच बघणार आहे, आणि मला त्याची फार भीती वाटते. तेव्हा खोलीत कोणाला कॅमेरा आणू देऊ नकोस. मी विचारीन ते मोठ्याने सांग. पुन्हा विचारले, तर पुन्हा सांग.

साक्षीदार: डॉक्टर (सही). समोरचा शिंपी (सही); त्याला काहीही दिलेले नाही, म्हणूनच बोलावला.

लिहून देणार: (सही)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.

दिनांक: ९ मार्च, गुरुवार. आधी सोमवार लिहिले होते. ते खोडून वार दुरुस्त केला आहे. दुरुस्तीशेजारी माझी सही आहे.