सांचीचा रिपोर्ट आला

प्रिय मोनाली,

आला! सांचीचा रिपोर्ट आला! निगेटिव्ह! फोनवर सांगून झालंय, तू ओरडलीस, मागून प्रशिकराव ओरडले, तरी माझं मन भरलं नाही म्हणून पुन्हा लिहून सांगते आहे. उद्या दुपारी नागपूरहून दिल्ली, रात्री दिल्लीहून सिडनीचं विमान, आणि परवा तुझी पोरगी तुझ्यासमोर उभी. पावणेदोन वर्षांनी! माझे पाय आज जमिनीवर नाहीत. सकाळी चहात साखरेऐवजी मीठ टाकलं आणि तुझ्या बाबांनी तो तसाच पिऊन कप खाली ठेवला, यावरून त्यांचीही अवस्था काय आहे ते ओळख. जरीपटक्यातून संत्रा बर्फी आणवली आणि गल्लीत वाटली. पार्वतीबाईंनी विचारलं, कशाची बर्फी? म्हटलं, निगेटिव्ह झाल्याची. त्यांनी आणखी एक तुकडा मागून घेतला.

हे पत्र पियुष फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवणार आहे. न वाचता पाठवीन, अशी शपथ घेतली आहे तुझ्या भावानं, आणि माझं अक्षर बघता त्याला वाचताही येणार नाही. फोनवर निवांत बोलावं तर तुझी लेक मांडीवरून हलत नाही, आणि तिचे कान इतके तिखट झालेत की कुकरच्या शिट्टीतही आपलं नाव ऐकू येतं तिला. आत्ता ती तिच्या आबांबरोबर बॅगा मोजायला बसली आहे, तेवढ्यात लिहून घेते.

काल आमचा जीव कसा टांगणीला लागला होता ते तुला पूर्ण सांगितलंच नाही. तू तिकडे रडत बसली असतीस. तुमच्या त्या बहात्तर तासांच्या नियमानं आम्हाला वेड लावलं होतं. टेस्ट आधी केली तर ती शिळी, उशिरा केली तर रिपोर्ट विमानामागे पळत येणार. तुझ्या बाबांनी जन्मभर एसटीत तिकिटं फाडली, पण असा हिशेब त्यांनाही कधी करावा लागला नव्हता. तिघांचे नमुने काल सकाळी दिले. आम्हा दोघांचे रिपोर्ट संध्याकाळी आले, सांचीचा नाही. लगेच जाऊन बघतो तर तिथला मुलगा म्हणाला, बाटली सांडली, पुन्हा द्यावा लागेल. तुझे बाबा तसे शांत माणूस, पण त्या काउंटरवर त्यांनी जो आवाज काढला तो मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. "काहून सांडली गा? आम्ही दोन वर्षं पोरगी सांभाळून राहिलो, तुमच्यानं एक बाटली सांभाळणं होत नाही?" मी त्यांना बाजूला केलं. आतून एक मॅडम आल्या, त्यांनी माफी मागितली, नमुना लगेच घेतला आणि सकाळपर्यंत देते म्हणाल्या. दिलाही बिचारीनं. पण मधल्या वेळात आम्ही कसे बसलो होतो ते विचारू नकोस. बुद्धवंदना म्हणताना मी मध्येच मोबाईल बघत होते. असं मी आयुष्यात कधी केलं नाही.

आणि सांची? तिनं दुसऱ्यांदाही हूं की चूं केलं नाही. चार वर्षांपर्यंतच्या पोरांना टेस्टची सूट आहे, हिला पाच पूर्ण झाली, म्हणजे काडीतून सुटका नव्हतीच. म्हणून मी महिनाभर आधीपासून शाळा घेतली होती. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांना नाक शिंकरायला शिकवलं, आता नाकात काडी घालून घ्यायला शिकवलं. कान कोरायची कापसाची काडी ओली करायची, दहा म्हणेपर्यंत हलायचं नाही, की लगेच एक बिस्कीट. चार दिवसांत तिची भीती गेली आणि आमची सुरू झाली. ती डॉक्टर झाली आणि घरादाराला काड्या घालत सुटली. पियुष निगेटिव्ह, पार्वतीबाई निगेटिव्ह, दूधवाला दारातूनच पळाला. तुझे बाबा मात्र दरवेळी पॉझिटिव्ह. त्यांना गच्चीवर क्वारंटाईन करायची आणि जिन्याच्या पायरीवर चहा ठेवून हात धुवायला पळायची. एक दिवस मी विचारलं, आबा बरे कधी होणार? तर कमरेवर हात ठेवून म्हणते, "त्याहिले अजून लक्षणं आहेत." तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

तू तिला आमच्याकडे ठेवून गेलीस, ते गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं विमानतळ मला सारखं आठवतं. साडेतीन वर्षांची होती ती. तुझी नर्सिंगची परीक्षा, प्रशिकरावांची नवी नोकरी, दोनच महिन्यांचा प्रश्न होता. एप्रिलमध्ये आम्हीच तिला घेऊन येणार होतो, तिकिटंसुद्धा काढली होती. मग सगळं बंद झालं. एकट्या लहान पोराला विमानात घेत नाहीत. आम्हाला तिकडे येऊ देत नाहीत. तू इकडे आलीस तर परत जाता येईल याची खात्री नाही, आणि तुझ्या त्या वृद्धाश्रमात रोज माणसं आजारी पडत होती, तुला रजा कोण देणार होतं? सगळ्यात राग कशाचा आला सांगू? तुमच्या तिकडच्या नियमात आईबाप म्हणे जवळचे नातलग नाहीत! कुठल्या शहाण्यानं ठरवलं असेल ते? नवरा जवळचा, बायको जवळची, लेकरू जवळचं, आणि ज्यांनी ते लेकरू कडेवर घेतलं आहे ते लांबचे. तुझे बाबा तर एक दिवस म्हणाले, त्या पंतप्रधानाले माय आहे का नाही, विचार वं कोणाले तरी.

आणि मग ते लशीचं. सेंटरवर त्या दिवशी कोव्हॅक्सिन होती म्हणून आम्ही ती घेतली, आपल्या देशाची आहे, छान आहे म्हणून वर पियुषला चार गोष्टी ऐकवल्या. मग ऑक्टोबरात तुमच्याकडे कोव्हिशिल्ड चालते म्हणून जाहीर झालं, आणि आमची नाही. पार्वतीबाईंची कोव्हिशिल्ड, त्यांना कुठे जायचं नाही, यायचं नाही, पण त्या गल्लीभर अशा मिरवत होत्या की जणू व्हिसाच मिळाला. तुझे बाबा चक्क म्हणाले, दुसऱ्या नावानं जाऊन ते दोन डोसही टोचून घेतो. मी म्हटलं, घ्या, आणि मग आम्ही तुमच्या फोटोला हार घालतो. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला ते भाजीला गेले होते. बाजारात कोणाच्या तरी मोबाईलवर बातमी ऐकली, कोव्हॅक्सिन चालणार, आईबाप जवळचे ठरणार, विलगीकरणही नाही. रिकामी पिशवी घेऊन धावत घरी आले. दारातच चौकट धरून उभे राहिले. मला वाटलं कोणी गेलं की काय. मग हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि मलाच विचारतात, "काहून रडून राहिली वं?" त्या रात्री घरात भाजी नव्हती. पिठलं खाल्लं, आणि इतकं गोड लागलं!

तेव्हापासून घर म्हणजे डेपो झालं आहे. तुझ्या बाबांनी कंडक्टरची जुनी चामड्याची बॅग माळ्यावरून काढली. त्यात तिघांचे पासपोर्ट, लशीची सर्टिफिकेटं, परवानगीची पत्रं, तो ऑनलाइन भरलेला फॉर्म, सगळं कप्प्याकप्प्यानं. दिवसातून चारदा आम्हाला ओळीत उभं करून तपासतात. रिपोर्ट आल्यावर त्याच्या चार झेरॉक्स काढल्या. मी म्हटलं मोबाईलवर आहे ना, तर म्हणाले मशीन बंद पडली की हातातला कागदच कामाला येतो. नरखेडच्या मामांनी आंबिया बहाराच्या संत्र्यांची पेटी पाठवली होती, पण तुमच्या देशात संत्रं न्यायला बंदी. म्हणून सांची रोज तुझ्या वाटणीची खाते आहे. दोन दिवसांपूर्वी तिला शिंक आली तर घरातले सगळे जागच्या जागी उभे राहिले. मिरचीचा ठसका होता.

सांची आता पुष्कळ उंच झाली आहे. फोनवर कळत नाही ते. तिचं बोलणंही पक्कं आपल्याकडचं झालं आहे, मले-तुले करते, तिकडच्या शाळेत ते आपोआप जाईल, तोवर ऐकून घे. भात कालवून लागतो, वरून तुपाची धार दिसली पाहिजे. झोपताना कानाची पाळी धरायला लागते, तुझ्यासारखीच. तिला तुझ्याबद्दल फार कुतूहल आहे. परवा आबांना विचारत होती, "मम्माले पाय आहेत का गा आबा?" फोनवर नेहमी चेहराच दिसतो ना तुझा. आम्ही दोघंही खूप हसलो. मग मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. इतकी पानं बडबड केली, कारण हात तिकडे वळत नव्हता. मोनाली, सांची मला आई म्हणते. आजी नाही, आई. मी शिकवलं नाही गं, खरंच नाही. घरात पियुष दिवसभर आई, आई करतो, आणि फोन लागला की तुझाही पहिला शब्द आई हाच असतो. ऐकून ऐकून तीही तेच म्हणायला लागली. मम्मा म्हणजे तिच्यासाठी फोनमध्ये दिसते ती. सांची फोनवर तुझ्याशी बोलायला लागली की मी पोळ्यांचं निमित्त करून आत जायचे ते याचसाठी, तुझ्यादेखत तिनं मला हाक मारू नये म्हणून. आता आजी म्हण म्हणून मागे लागते, तर तिला तो खेळ वाटतो, खोखो हसते. आणि लपवत नाही, मला ते फार गोड वाटायचं. मग लगेच तू डोळ्यांसमोर यायचीस, तिकडे परक्या म्हाताऱ्यांना भरवणारी, आणि हातातला घास मी परत ताटात ठेवायचे. हे तुला विमानतळावर चारचौघांत कळू नये, घरी बसून कळावं, रडायचं ते रडून घ्यावंस, म्हणून हे पत्र. परवा तिथं सगळे अनोळखी असतील, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, ती बावरेल. धावत येऊन तुला बिलगेल अशी आशा ठेवू नकोस, आणि नाही बिलगली तर तिच्यावर रुसू नकोस. मी ठरवलं आहे. तू दिसलीस की मी तिचा हात सोडून ट्रॉलीच्या मागे जाईन. ती मला शोधेल, सापडले नाही की आई म्हणून मोठ्यानं ओरडेल. त्या हाकेला मी ओ देणार नाही, जीव गेला तरी देणार नाही. तू दे.

तुझीच
आई