नकाराचा सराव

३ जून, सोमवार
बँकेतली सहा महिन्यांची उमेदवारी या महिन्यात संपते. आमच्या रिस्क विभागाच्या प्रमुख मालविकाबेन म्हणाल्या, चार्मी, गुरुवारी कर्ज कमिटीपुढे सुरतच्या डाइंग मिलचा रिपोर्ट तू मांड. कर्ज द्यायचं की नाही, एका शब्दात. तो शब्द जमला तर कायम, नाहीतर पप्पांच्या दुकानात साड्यांच्या घड्या घाल.
जमेल. ज्युनियर अ‍ॅनालिस्ट, सीनियर, मॅनेजर, तिशीत चीफ रिस्क ऑफिसर. घाबरले अजिबात नाही. हात गार पडलेत ते एसीमुळे.

४ जून
मिलची विक्री दुप्पट, विजेचं बिल निम्मं. मशीन न चालवता कापड रंगतं कसं? पैसे बुडणार, हे स्पष्ट आहे.
लिहायला गेले आणि पेन थांबलं. आमच्या घरी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाहीत, बघू म्हणतात. अशुभ बोललं की ते घडतं, हे मी बाराखडीच्या आधी शिकले.
'जपून द्यावे' असं लिहिलं. ही भीती नव्हे, संस्कार.

५ जून
पप्पांच्या बहिणीचा, फोईचा फोन. म्हणाली, सात पिढ्यांत कुणी कुणाला नाही म्हटलं नाही, आणि तुला त्याचा पगार मिळतो? मी हसले.
आरशापुढे 'नको, नको' असा सराव केला. मम्मीला वाटलं खिचडी नको. तिने झाकून ठेवली. उपाशी झोपते आहे, पण आवाज खणखणीत लागला.

६ जून
कमिटीचे अध्यक्ष व्याससाहेबांनी विचारलं, बोल बेटा, हो की नाही? म्हटलं, बाकी सगळं छान आहे सर, फक्त वीज... वीज काय, म्हणाले. माझ्या तोंडून निघालं, वाचवत असतील.
सगळे खूश. कर्ज मंजूर. मालविकाबेननी माझा रिपोर्ट उलटा करून ठेवला.
तसं मी 'फक्त' म्हटलं होतं. ऐकणाऱ्याने ऐकावं.

२८ जून
कायम झाले! मम्मीने लापसी केली. व्याससाहेब म्हणाले, रिस्कमध्ये इतकी गोड मुलगी प्रथमच आली. मालविकाबेननी अभिनंदन केलं नाही. एवढंच म्हणाल्या, ती मिल आता तुझी, तूच सांभाळ.
विश्वास टाकला माझ्यावर.

५ ऑगस्ट
पहिला हप्ता आला नाही. मालक हर्षदभाईंचा फोन बंद. चार्जिंग संपलं असेल.

७ ऑगस्ट
अजून संपलेलंच आहे. झोप नाही. मालविकाबेन म्हणाल्या, जा, डोळ्यांनी बघून ये.

८ ऑगस्ट, सुरत
मिलच्या गेटबाहेर बसून लिहिते आहे. गेटला कुलूप. एक नाही, चार, चार वेगवेगळ्या बँकांची. वॉचमनने स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाला, बेन, तुमचंही लावा, कडीला जागा आहे अजून. मग माझ्या हातातला ग्लास हिंदकळताना बघून विचारलं, घाबरलात का?
'नाही,' मी म्हटलं. चटकन, स्पष्ट, एका शब्दात.