०.८ च्या वर नको

४ जानेवारी
पोचले एकदाची! घाटात बस दोनदा बंद पडली, शेजारच्या बाईच्या टोपलीतले गिनीपिग माझ्या मांडीवर बागडले, तरी मजेत आले. डॉन फाब्रिसियो स्वतः घ्यायला आले होते. माझे धर्मबाप. पदवीच्या दिवशी वडील नव्हते, तेव्हा हेच शेजारी उभे राहिले, पदवीची अंगठीही यांनीच बोटात घातली, आणि आता खाणीच्या कचेरीत नोकरीही यांनीच लावली. माझ्यावर इतका जीव लावणारं दुसरं कुणी नाही. खोली खाली गावात मिळाली, घरमालकीण दोन्या सिप्रियाना. गावाच्या डोक्यावर खाणीचा गाळ अडवणारा मातीचा बांध आहे. तो किती सरकतो ते आत पुरलेली यंत्रं कचेरीतल्या पडद्यावर मिलिमीटरमध्ये दाखवतात. आकडा एकच्या वर गेला की सायरन वाजतो आणि सगळ्यांनी टेकडीवर पळायचं.

९ जानेवारी
पहिलं काम अगदीच पोरखेळ. पडदा नवा आहे, तो नीट चालतो का पाहायला खोटे आकडे हवेत. ०.२ ते ०.८ मधला कुठलाही, मिनिटाला एक. डॉन फाब्रिसियो म्हणाले, पोरी, ०.८ च्या वर केसभरही नको, उगाच सायरन कोकलेल आणि गाव माझ्या नावाने बोंब मारेल. संगणकाकडून शून्य ते एकमधला कुठलाही आकडा घ्यायचा, ०.६ ने गुणायचा, त्यात ०.२ मिळवायचे, झालं. सुरुवातीला संगणकाला एक बीज द्यावं लागतं, म्हणजे ज्यावरून तो पुढचे आकडे काढतो ती संख्या. मी गंमत म्हणून माझी जन्मतारीख दिली. बीज तेच असलं की दर वेळी तेच आकडे त्याच क्रमाने निघतात. माझे पहिले तीन आले ०.४३, ०.२७, ०.६१. चाचणीपुरतं चालतं.

१७ जानेवारी
पाऊस थांबायचं नाव घेत नाही. दोन्या सिप्रियाना आरेकिपाला लेकीकडे जायला गाठोडं बांधून बसल्या होत्या. या पावसात बांधाखाली डोळा लागत नाही म्हणे. मी म्हटलं, अहो, पडदा रोज मीच बघते, आकडा एकच्या जवळपासही फिरकत नाही. त्यांनी गाठोडं सोडलं आणि मला कोंबडीचा रस्सा वाढला. आता रोज दारातच विचारतात, आकडा बरा आहे ना गं?

२६ जानेवारी
डॉन फाब्रिसियोंच्या नव्या घरावर छप्पर चढलं. वर फुलांचा क्रूस, खाली बँड आणि चिचा, ही इथली मक्याची दारू. घर टेकडीवर आहे. शेजारी साहेबांचं, पलीकडे लेखनिकाचं. कचेरीतली सगळी मंडळी यंदा वर राहायला आलीत. मी हसत म्हटलं, मलाही इथे एक खोली बघा की. ते दुसरीकडे बघायला लागले.

३ फेब्रुवारी
कचेरीतली वीज गेली. परत आली तेव्हा बांधाचा पडदा नव्याने सुरू झाला. चाचणीचा नव्हे, खरा पडदा. ०.४३. मग ०.२७. तिसरा आकडा मला आधीच माहीत होता.

४ फेब्रुवारी
बांधावर जाऊन आले. यंत्रांच्या तारा कधीच्या तुटून गंजल्यात. पायथ्याची माती लापशीसारखी झालीय, पाय घोट्यापर्यंत आत गेला.
डॉन फाब्रिसियोंना विचारलं. म्हणाले, लीमाहून नवी यंत्रं येईपर्यंतच गं, गावाला कशाला घाबरवायचं? मग अगदी मायेने म्हणाले, आणि हे लिहिलंय कुणी, पोरी? जन्मतारीख कुणाची आहे त्यात?
खूप रडले. बाप मानलं होतं मी या माणसाला. तरी मूर्खासारखी सांगून बसले, उद्या दुपारपर्यंत गाव हलवा, नाहीतर सायरन मी वाजवते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

५ फेब्रुवारी, दुपार
कुणी हललं नाही. माझं ते ०.२ ते ०.८ पुसून टाकलं. तिथे सरळ ५ लिहिला. सायरन वाजला — केवढा वाजला! पळत खाली आले —
गल्लीत कुणी पळत नाही. दारं उघडी. आत लोक जेवतायत. पोरं सायरनची नक्कल करतायत —
दोन्या सिप्रियाना म्हणतात, बस, आधी चार घास खा. सकाळीच तुझा धर्मबाप कर्णा घेऊन फिरून गेला, दुपारी सायरनची चाचणी आहे, आमची पोरगी वाजवणार, घाबरू नका —
ओरडले. पाया पडले. हाताला धरून ओढलं. त्या हसतात. आकडा बरा आहे असं तूच ना रोज सांगतेस, म्हणतात —
लिहून ठेवते. कुणाला सापडलं तर — ते आकडे खरे नव्हते, डॉन फाब्रिसियोंनी मला —
वाडग्यातला रस्सा हलतोय. हात कुणी लावलेला नाही.
त्या आता हसत नाहीत. माझा दंड धरून विचारतायत, आकडा बरा आहे ना —