संघ माझ्या हाती येतो

३ जानेवारी
हरलो. शून्य-चार. आता सलग किती ते मोजणं सोडलं आहे. आपला हॉकी संघ मैदानात रडला, मी मात्र स्टँडमध्ये शेवटपर्यंत झुंजलो. घसा बसलाय.
नवीन वर्षाचे संकल्प: एक, पराभवाचा त्रास करून घ्यायचा नाही. दोन, चहात साखर नाही. तीन, मेहुण्याबद्दल घरात चकार शब्द काढायचा नाही.
मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. संघाचा कोच. तो लागावा म्हणून सेक्रेटरींकडे मीच शब्द टाकला होता. टाकलेला शब्द परत उचलता येत नाही, हीच अडचण.
तिसरा संकल्प जेवताना मोडला. एवढंच म्हणालो की तुझ्या भावाला शून्याचा नाद लागलाय. हिने भाजीचं पातेलं उचलून आत नेलं. मला अजून वाढून घ्यायचं होतं.

५ जानेवारी
सलूनमध्ये बैठक. दाढी हे निमित्त. हजर: मी, सलूनवाला, दातांचे डॉक्टर आणि तोंडाला फेस लावलेलं एक अनोळखी गिऱ्हाईक. विषय: नवा कोच कोण?
डॉक्टर म्हणाले, परदेशी आणा. सलूनवाला म्हणाला, आपला जुना कॅप्टन आणा. तो सध्या विमा विकतो. आधी सगळ्यांच्या गळ्यात पॉलिसी मारेल, मग डिफेन्सकडे बघेल, असं मी मनात म्हणालो. फेसवाल्याचं मत पडलं की कोच बदलून काय होणार, मैदानालाच उतार आहे. त्याला कोणी विचारलं नव्हतं.
मी मौन पाळलं. मौनाचं वजन पडतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही कसे बोलाल, तुमचा तर घरचा कोच. सगळे हसले. गळ्यावर वस्तरा होता म्हणून उत्तर दिलं नाही.

६ जानेवारी, ऑफिस
बावीस वर्षं वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतोय. माणूस तोंड उघडायच्या आत फॉल्ट ओळखतो. संघ म्हणजे तरी काय, बंद पडलेली लाइनच. फ्यूज कुठे उडालाय हे फक्त मला दिसतं.
आज दिसलाच. एक बाई सांगत होत्या की घराला कुलूप असतानाही मीटर पळतो. त्यांना अर्ज करा म्हटलं आणि त्याच क्षणी सुचलं: मॅनेजर! टीव्हीवर परदेशी फुटबॉल बघतो ना आपण. कोच बिच्चारा बाजूला उभा असतो, खरा धनी मॅनेजर. लांब कोट, हाताची घडी, तोंडात च्युइंगम. बोट दाखवलं की खेळाडू बाहेर. आपल्याकडे ही जागा दोन हंगाम रिकामी आहे आणि कोणाच्या लक्षातही नाही!
मेहुणा कोच राहील. वर मी. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. (साप हा शब्द घरात वापरायचा नाही.)

८ जानेवारी
सलूनमध्ये प्रस्ताव मांडला. डॉक्टर म्हणाले, मग मॅनेजर मी का नको? रोज लोकांची तोंडं उघडतो. म्हटलं, संघाला तोंडं बंद करणारा हवाय. विषय संपला. मी बिनविरोध.
घरी सांगितलं. ही म्हणाली, “त्याच्या डोक्यावर बसायला तुम्हालाच बरं सुचलं.”
मी समजावलं की डोक्यावर नाही, फक्त वर. हिने फरक विचारला. मला झोप आली होती.

१० जानेवारी
सेक्रेटरींच्या टायरच्या दुकानात गेलो. भाषण पाठ केलं होतं. दुसऱ्याच वाक्याला ते उठले, चहा सांगितला आणि ग्रीसने माखलेल्या हातांनी माझा हात धरला. म्हणाले, “इतक्या वर्षांत ही जागा आपणहून मागायला कोणी आलं नव्हतं हो.” माझं नाव एवढं झालंय याची मलाच कल्पना नव्हती.
लगेच किल्ल्यांचा जुडगा दिला. स्टोअररूमच्या. प्रतीकात्मक असावा.
संध्याकाळी मेहुणा घरी आला. दोनदा विचारलं, दाजी, नक्की ना? तुमच्या पाठीचं काय? घाबरलाय. मी मोठेपणाने सांगितलं की तू कवायत घे, दिशा मी देईन. म्हणाला, दिशा आपल्या बसच्या ड्रायव्हरला द्या, तो दर वेळी वळण चुकतो. भीती लपवायला माणूस विनोद करतो.

१४ जानेवारी
पहिला सराव. लग्नातला कोट घालून गेलो. बटण लागत नाही, पण मॅनेजरचा कोट उघडाच असतो.
स्टोअररूम उघडली. मागच्या सामन्याच्या जर्सी तशाच ढिगात. वास असा की मी दोन पावलं मागे आलो. इतक्यात एकाने टेप मागितली, दुसऱ्याने बुटाची नाडी, तिसरा म्हणाला बाटल्या रिकाम्या आहेत. माझी परीक्षा चाललीय हे ओळखलं. मेहुण्याला विचारलं, ही कामं इथे कोण करतं?
तो म्हणाला, “मॅनेजर.”
मग सावकाश समजावलं, एखाद्या नव्या पोराला समजावतात तसं. हॉकीत मॅनेजर म्हणजे जो बस ठरवतो, चेंडू मोजतो, जर्सी धुतो, पाणी आणि बर्फ आणतो. फुटबॉलशी फक्त शब्दाचं नातं. मला खच्ची करायचा डाव. सेक्रेटरींना फोन लावला. त्यांनी दुजोरा दिला, आणि हंगाम संपेपर्यंत राजीनामा घेतला जात नाही हेही प्रेमाने सांगितलं.

१५ जानेवारी
शांतपणे विचार केला. मोठे लोक मुळापासून सुरुवात करतात. पाणी हे मूळ आहे. बाटली देताना खेळाडूशी एकांतात बोलता येतं, कोचला ही सोय नाही. आज लेफ्ट आउटला बाटलीबरोबर सल्ला दिला की कडेकडेने न पळता आत घुस. त्याने आभार मानले. पाण्याचे.
जर्सी घरी आणल्या. ही म्हणाली, मशीन माझं, भाऊ माझा, संघ तुमचा, तुम्ही धुवा. धुतल्या. लाल-पांढरे पट्टे होते, आता सगळं गुलाबी आहे. समोरचा संघ गाफील राहील.

२४ जानेवारी
परिस्थिती स्पष्ट आहे. ८ फेब्रुवारीला शेवटचा सामना, बाहेरगावी. बरोबरी झाली तरी वरच्या गटात राहू. हरलो तर खालच्या गटात, आणि सेक्रेटरी म्हणाले, मग कोचलाही नारळ. हिला कळलंय. देवापाशी बसते तेव्हा पुटपुटण्यात हॉकी ऐकू येतं.
मेहुण्याची योजना एका शब्दात सांगायची तर भित्री. सगळे मागे, भरवसा गोलकीपरवर. या गोलकीपरला सलूनमध्ये ‘दार’ म्हणतात, कारण सताड उघडं. पण मेहुणा रोज सकाळी त्याला एकट्याला बोलावतो, तासभर चेंडू मारतो. म्हणतो, पोरगं सुधारलंय.
माझी योजना: सर्वांगीण आक्रमण. नियमांचं पुस्तक आणून वाचलं. गोलकीपरशिवायही खेळता येतं, अकराच्या अकरा पुढे! मेहुण्याला दाखवलं. त्याने पुस्तक मिटून माझ्या हातात परत दिलं. म्हणाला, “दाजी, त्या दिवशी बर्फ तेवढा विसरू नका.”

७ फेब्रुवारी
ऑफिसातला जुना फळा आणलाय. एका बाजूला वीज कुठे कधी जाणार त्याचं वेळापत्रक आहे, ते पुसलं जात नाही. दुसऱ्या बाजूला माझे बाण. लाल आमचे, हिरवे त्यांचे. हाफटाइमला मेहुण्याच्या पाच मिनिटांतली तीन मागून घेणार. इतिहास तीन मिनिटांतच घडतो.

८ फेब्रुवारी, सकाळी, बसमध्ये
निघालो. सगळं सामान मी जातीने चढवलं. मिनीबसची डिकी म्हणजे निव्वळ चेष्टा. फळा आडवा जाईना, उभा जाईना. चार-दोन वस्तू खाली उतरवून तिरका घातला. ऐन वेळी बर्फवाला आला, धावपळ, पण बर्फ घेतला! मेहुण्याला सांगितलं तेव्हा त्याने पाठ थोपटली. त्याच्याकडून पहिल्यांदाच. माणूस वाईट नाही.
आपला ‘दार’ खिडकीशी बसून हात उघडझाप करतोय. चेहरा चांगला आहे आज.

८ फेब्रुवारी, परतताना
हरलो. शून्य-नऊ.
कारणमीमांसा. गोलकीपरची बॅग, म्हणजे पॅड, हेल्मेट, ग्लोव्ह्ज, सगळी मिळून कपाटाएवढी, आपल्या मैदानाच्या फाटकाशीच राहिली. फळ्यासाठी उतरवली होती. परत चढवणारच होतो, तेवढ्यात बर्फ. समन्वयाचा अभाव.
समोरच्यांकडे जादा सामान मागितलं. नव्हतं, किंवा नाही म्हणाले. अंपायर म्हणाले, गोलकीपरशिवाय खेळा, नियमात बसतं. म्हणजे अक्षरशः माझी योजना! पहिली पाच मिनिटं आक्रमण जोरात होतं, हे कोणी नाकारू शकत नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की लांबूनही मारता येतं. आमच्या गोलसमोरच्या सर्कलमध्ये चेंडूला नुसती स्टिक लावून ढकललं की आत.
दार सामनाभर रेषेबाहेर उभा होता, हात मागे बांधून. प्रत्येक गोलाला किंचित त्या बाजूला झुकायचा. फळा बसमधून उतरलाच नाही.
ड्रायव्हरने वळण चुकवलं, ते कोणी सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी
सलून तापलंय. बॅग राहिली एवढं सगळ्यांना कळलंय, कोणी ठेवली ते नाही. डॉक्टर म्हणाले, “अर्धवट उघडं दारसुद्धा किती अडवत होतं, ते काल कळलं.”
जबाबदार कोण, असा एकच गजर. मी नाकापर्यंत फेस लावून घेतला आणि सखोल चौकशी व्हावी अशी मागणी केली. सलूनवाल्याने विचारलं, साहेब, परवाच तर दाढी केलीत?

११ फेब्रुवारी
कमिटीची सभा. माझे मुद्दे तयार होते: डिकीची रचना, बर्फवाल्याची वेळ, ड्रायव्हरचा स्वभाव.
माझ्या आधीच मेहुणा उठला. म्हणाला, “निघायच्या आधी सामान तपासणं कोचचं काम. मी तपासलं नाही.” बसला. त्याला काढायचा ठराव दोन मिनिटांत झाला, त्यानेही हात वर केला.
मी बोलणार होतो. अर्धा उठलोही होतो. सेक्रेटरींना वाटलं, चहा हवाय. चहा आला. मग प्यायलो.
बाहेर त्याला गाठून विचारलं, असं का केलंस? चप्पल घालता घालता म्हणाला, “ताईला तुमच्याबरोबर राहायचंय, दाजी. मला नाही.”
बराच विचार केला. माझ्याबद्दल आदर आहे त्याच्या मनात.

२० फेब्रुवारी
मेहुणा गेला. दुसऱ्या गावी एका निवासी शाळेत पीटी शिकवणार. बसपर्यंत सामान मी पोचवलं, मला आता सवय आहे. सगळं चढवून झाल्यावर हिने स्वतः पुढे होऊन नग मोजले. पुन्हा मोजले.
घरी येताना आम्ही दोन वेगवेगळ्या फुटपाथनी आलो. गर्दी होती.

१ मार्च
सेक्रेटरींचा फोन. खालच्या गटातल्या संघाला कोच मिळेना. डॉक्टरांच्या परदेशी माणसाचं उत्तर नाही. जुन्या कॅप्टनने आधी सेक्रेटरींचा विमा काढला, मग नाही म्हणाला. तेव्हा तुम्हीच बघा, म्हणाले, नाहीतरी किल्ल्या तुमच्याकडे आहेतच.
कोच आणि मॅनेजर, दोन्ही मी! परदेशातसुद्धा फार थोड्यांना मिळतं हे. हिला सांगायला आत गेलो. हिने मिक्सर लावला. तो बंद झाल्यावर पुन्हा सांगायला सुरुवात केली. पुन्हा लावला. रिकामा होता.

४ मार्च
पहिला सराव. पाच जण आले. कपडे घरचे, स्टिक एकाच्याही हातात नाही. म्हटलं, आज फक्त विचारांची बैठक ठेवू. सर्वांगीण आक्रमणाबद्दल बोललो. मध्येच कॅप्टनने हात वर केला. सर कुठल्या शाळेत गेले, तिथला पत्ता हवा होता. त्या गावात नवा संघ बांधताहेत असं ऐकलंय.
सर म्हणजे मी नव्हे, हे समजायला थोडा वेळ लागला.
पत्ता माझ्याकडे नव्हता. आमच्या घरी मिळेल म्हटलं. ते पुढे गेले, मी स्टोअररूमला कुलूप घालून मागून पोचलो. हिने सगळ्यांना बसवलं होतं, चहा दिला होता, भावाला फोनही लावून दिला होता. पाळीपाळीने बोलत होते. दार सगळ्यात जास्त वेळ बोलला आणि मध्येच मोठ्याने हसला. त्याचा आवाज एवढा मोठा आहे हे माहीत नव्हतं. जाताना पाचही जण हिच्या पाया पडले. मी दारातच उभा होतो, मला वळसा घालून गेले.
चहा पाच कप आणि एक हिचा. दूध कमी असावं.
आता मधे कोणीही नाही. संघ पूर्णपणे माझ्या हाती आहे. उद्या सराव सहाला. गैरहजर राहिल्यास शिस्तभंगाची कारवाई करणार. कोणावर, ते उद्या बघू.