सासूबाईंचं नाव पाळण्यात

१२ जानेवारी, सोमवार

मिनल म्हणते, आजी, डायरी कोरी पडलीय, तू बोल, मी लिहिते. केळीच्या आडत्यानं दिलेली. पुठ्ठा चांगला आहे, वाया कशाला घालवायचा. मला अक्षर येत नाही, हिला स्वयंपाक येत नाही. जोडी जमली.

(हे मी लिहिणार नव्हते. आजी म्हणाली, लिही. — मि.)

तर लिही. माझ्या नातवाला, निखिलला, मुलगी झाली. म्हणजे मिनल आत्या झाली आणि मी पणजी. काल दोघींना घरी आणलं. श्रुतीला आई नाही, म्हणून बाळंतपण इथं, सासरीच. पोरगी गोरी नाही, काळी नाही, रताळ्यासारखी आहे. सगळे म्हणतात कुणासारखी दिसते. अजून कुणासारखीच नाही, बरंय.

१४ जानेवारी, संक्रांत

घरात सोयर. तिळगूळ नाही, कुणाकडे जाणं नाही. सगळे घरातच, मग नावाचा विषय निघाला.

निखिल मोबाइल बघून म्हणाला, कायरा. मी म्हटलं, कैरीच ठेव, पन्हं तरी होईल. रुसून दुकानात गेला. वसुधा, म्हणजे सून माझी, म्हणाली आरोही. गल्लीत दोन आरोही आहेत, एक कुत्री धरून तीन.

श्रुती बाजेवरून म्हणाली, मला जुनं नाव पाहिजे. माझ्या वर्गात चार श्रुती होत्या. हाक मारली की चारही माना वळायच्या. हिची एकटीची मान वळली पाहिजे.

मी गंमत म्हणून सांगितली: सखू, वेणू, कौसल्या, भागीरथी. मला वाटलं हसेल. हसली नाही. विचार करत बसली. इंदूरला शिकलेली पोर, म्हटलं ही खरंच ठेवते की काय.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज अंघोळीच्या वेळी. मी पाटावर, पोरगी पायांवर, घंगाळात पाणी. घंगाळ पितळेचं, सासूबाईंच्या माहेरचं. आता बाळंतपणांनाच निघतं, एरवी पलंगाखाली. त्याच्या काठावर ठोकून ठोकून टिंबं पाडलीत. मला ती टिंबंच. रोज राखेनं घासली, बोटाला पाठ आहेत.

श्रुती दारात स्टुलावर बसली होती, मी पोरीची मान नीट धरते की नाही ते बघायला. तिला वाटतं मला माहीत नाही ती का बसते.

म्हणाली, आजी, यावर नाव आहे.

म्हटलं, असेल.

कुणाचं?

ज्याचं घंगाळ त्याचं.

वाकली आणि मोठ्यानं वाचलं. माझा हात पाण्यातच राहिला. त्या न्हाणीघरात, ओल्या अंगानं, उघड्या तोंडानं! पोरीनं तेवढ्यात पाय ताणून माझ्या अंगावर धार सोडली. सासूबाईंनी ऐकलं म्हणायचं.

श्रुती म्हणाली, हेच! ठरलं.

काय ते नाव तू तुझं लिही मिनल. मी बोलणार नाही. लिहिलंस? पुस.

(पुसलं नाही. तापी. — मि.)

१७ जानेवारी, शनिवार

मिनल म्हणते, आजी, पुढं कुणी वाचलं तर कळायला नको का? कळू दे बाई.

सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही. नवऱ्याचं पण नाही, पण नवऱ्याला उखाण्यात तरी बसवता येतं. सासूचा उखाणा कुणी केला नाही. बरं, माझ्या सासूबाईंचं नाव गंगा-यमुना असतं तर चाललं असतं, त्या लांब. त्यांचं नाव आमच्याच नदीचं. धुणं नदीवर, अंघोळ नदीवर, सण नदीवर, आणि तोंडाला कुलूप. मी तिला ‘खालची’ म्हणायला लागले. खालचीला पूर आलाय. खालचीवर जाऊन येते. अजून म्हणते.

लग्न नवीन होतं. राजघाटावर गुडघाभर पाण्यात उभी राहून लुगडं पिळत होते. परगावचा कुणी माणूस पायऱ्यांवरून विचारतो, बाई, ये कौनसी नदी है? मी म्हटलं, मालूम नहीं. तो म्हणाला, इसी में तो खडी हो! माझ्या नणंदेनं ते गावभर केलं. कितीतरी दिवस बायका मला विचारायच्या, काय गं, सापडली का नदी?

१८ जानेवारी, रविवार

वसुधानं माझी बाजू घेतली. श्रुतीला म्हणाली, अगं, आईंना ते नाव घेता येत नाही, दुसरं शोध.

श्रुतीचा चेहरा उतरला. म्हणाली, आजी, तुम्ही आधी सांगायचं ना. राहू द्या मग. आरोही ठेवू.

नाव घेता येत नाही, हे ते नाव न घेता श्रुतीला सांगायचं तरी कसं? आणि वसुधा मोठी सांगणारी. हिनं माझं नाव बँकेत घेतलं, रेशनवर घेतलं, वरच्या मजल्यावरून जिन्यात ओरडून घेतलं. मला काही झालं नाही. केस तेवढे गेले.

१९ जानेवारी, सोमवार

मन लागेना. पोरीला शेक देताना आठवलं ते लिही.

सासूबाईंना एकदा ताप चढला. घरात पुरुष नव्हते, मी टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. खिडकीतला माणूस म्हणतो, मरीज का नाम? मी पदर ओढला. नाम बोलो! मी हातानं खाली, नदीकडे दाखवलं. म्हटलं, वो जो बहती है ना, वो. माणूस शहाणा. त्यानं लिहिलं नर्मदाबाई.

मग काय! आतून पुकारा, नर्मदाबाई, नर्मदाबाई. कोण उठणार? आमच्यामागून आलेले औषध घेऊन घरी गेले. शेवटी सासूबाईच तापात बसत्या झाल्या आणि म्हणाल्या, अगं, इथं तरी घे माझं नाव, मी परवानगी देते. मी तोंड उघडलं. नाही आलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःच ओरडून सांगितलं. परत येताना टांग्यात म्हणाल्या, मेले तर नर्मदेच्या नावानं रडशील.

गेल्या तेव्हा नुसतं ‘बाई गं’ म्हणून रडले.

आता त्यांना नावानं ओळखणारं कोण राहिलं? आम्ही सगळे माई म्हणायचो. घंगाळावर आहे तेवढंच, आणि ते मला वाचता येत नाही.

श्रुतीला बोलावलं. म्हटलं, आरोही-बिरोही काही नाही, तेच ठेव. ती म्हणाली, आणि तुम्ही हाक कशी मारणार? म्हटलं, ती माझी काळजी. तू लाडू खा.

काळजी आहेच पण. सासूला मांडीवर घेता येतं, धुता येतं. ए कार्टे, इकडे ये, असं कसं म्हणू? आणि हाकच मारली नाही तर पोरगी मला का ओळखेल? तान्ही, बाळी, ठमी सगळी म्हणतात. माझी म्हणून हाक कोणती?

२१ जानेवारी, बुधवार. बारसं

पाळणा इतवारा बाजारातून आणला, नवा. घुगऱ्या, गोडाला रव्याचा दराबा. बायका मावेनात. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. मिनल आत्या पाळण्यात वाकली, कानात कुर्र केलं आणि नाव घेतलं. पाठीत जे गुद्दे बसले! त्यात दोन माझे होते, स्वयंपाकाचे.

मग सगळ्यात म्हातारी म्हणून मला दोरी दिली. नाव घेऊन झोका द्या, आजी. शेजारची एक म्हणाली, आता तर घ्यावंच लागेल, अडकली म्हातारी!

दोरी ओढली. म्हटलं, जो जो जो.

बायका हसल्या. श्रुती पण हसली, पण खाली बघून.

२ फेब्रुवारी, सोमवार

घरात दिवसभर ते नाव. तापीनं दूध घेतलं, तापी झोपली, तापीनं लंगोट भरला. (शब्द माझे, आजीनं खुणेनं सांगितलं. — मि.) भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बघवत नाही.

एकटीच होते न्हाणीघरात. पोरीला म्हटलं, उखाणा करते थांब. घंगाळात पाणी, पाण्यात हळद... पुढं आलं नाही. पाणी निवलं.

मिनल म्हणते, आजी, सोपंय, दोनच अक्षरं आहेत. अक्षरं तुला सोपी, बाई.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पोरीला टोचायला नेलं. मी, श्रुती, मिनल. गर्दी. मिनल गाडी लावायला गेली. श्रुतीला गरगरलं, तिला बाहेर वाऱ्याला बसवलं, म्हटलं, मी आहे रांगेत. पोरगी माझ्या खांद्यावर.

नंबर आला. नर्स पोरच होती, मिनलएवढी. वर न बघता म्हणाली, बच्ची का नाम?

मागं बघितलं. मिनल नाही, श्रुती नाही.

नाम बोलो अम्मा.

हात उचलला होता. खरं सांगते, खालच्या दिशेनं अर्धा उचलला होता. मग वाटलं, ही पण शहाणी निघाली तर? पोरगी जन्मभर नर्मदा. पुकारा होईल आणि हिची मान वळणार नाही.

पोरीला खांद्यावरून खाली घेतलं. तिच्या कानाशी तोंड नेलं. म्हटलं, सासूबाई, परवानगी तुम्हीच दिली होती. उशीर झाला. आणि घेतलं. कानातच. कुर्र न करता.

पोरीची मान वळली.

नर्स म्हणाली, सुनाई नहीं दिया अम्मा, जोर से बोलो. लाइन लगी है.

मिनल पेन धरून बसलीय. मग? मग काय केलंस? मगचं मग. तू लिही, पोरीनं माझ्याकडे बघितलं. डोळे मोठे करून, त्या दवाखान्यात सासूबाई बघत राहिल्या तसं.